चार लाख अंगठे

चार लाख एकवीस हजार आठशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा मला आता झोपेतून उठवलंत तरी सांगता येईल. विमा कंपनीत छत्तीस वर्षं काढली, पण एवढा मोठा आकडा माझ्या टेबलावरून कधी गेला नाही. गेला असेल तर साहेबांच्या टेबलावरून गेला असेल. निवृत्त झाल्यावर मात्र, कुणी मागितला नसताना, तो मी घरबसल्या तयार केला आणि त्यासाठी मला फक्त दहा दुपारी लागल्या.

यात माझा एकट्याचा दोष नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझी बायको उत्तरा म्हणते की दोष वाटून घ्यायला माणसं हवीत, म्हणूनच मी ही हकिकत लिहायला बसलो आहे. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते इथे आणायचं कारण नाही.

तर आधी वही. आम्ही पंचवटीतले तीर्थोपाध्याय. म्हणजे घराणं तसं. मी स्वतः रामकुंडावर जातो तो पाहुण्यांना दाखवायला. गावोगावचे यजमान नाशिकला आले की त्यांच्या घराण्यातली नावं वहीत उतरवायची आणि पुढच्या पिढीतलं कुणी आलं की ते पान काढून दाखवायचं, हा आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उद्योग. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा भांडी वाटली, खोल्या वाटल्या, वह्याही वाटल्या. एक वही तेवढी वाटता येईना. तिच्यात येवल्याकडची पन्नासेक गावं अशी एकमेकांत मिसळली होती की पानं फाडल्याशिवाय वाटणी होत नव्हती. मग तिची पाळी ठरली. एक वर्ष वही आमच्याकडे, एक वर्ष काकांकडे, आणि पाडव्याला तिने घर बदलायचं.

पुढे काका गेले, वडील गेले, पाळी राहिली. काकांचा मुलगा त्र्यंबक माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. आम्ही दोघं माझ्या वडिलांच्या हाताखाली एकाच पाटीवर अक्षर गिरवायला शिकलो. आणि अकरा वर्षांपूर्वी त्या वहीच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचा गोल डाग दिसला तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. डाग त्याच्या पाळीत पडला असं माझं म्हणणं. माझ्या पाळीत पडला असं त्याचं. मी त्या वेळी एक पुरावा मांडला होता, पण तो नीट तपासल्यावर माझ्याच अंगावर आला, म्हणून हल्ली मी तो मांडत नाही.

दोन घरं बोलत नाहीत म्हणून वही थांबत नाही. पाडव्याला तिची ने-आण आमच्या खालच्या मजल्यावरचे रविराज करतात. हे गृहस्थ बत्तीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. स्वभाव अत्यंत तटस्थ. आमच्या इंदिरानगरहून त्र्यंबकच्या पंचवटीपर्यंत स्कूटरवर वही पोटाशी बांधून नेतात आणि दोन्ही घरांकडून रीतसर पावती घेतात. पावतीवर दर वर्षी एकच मजकूर असतो : पानं चारशे बारा, डाग एक.

गेल्या वर्षी वही माझ्या पाळीत होती तेव्हा मी तिच्या पानापानाचे मोबाईलवर फोटो काढले आणि एक वेबसाईट केली. यजमानांना घरबसल्या आपलं पान दिसावं, हा हेतू. निवृत्त माणसाला हेतू लागतो. चारशे बारा पानं, चारशे बारा फोटो, आणि प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात खाली माझा अंगठा. उत्तरेने पाहून विचारलं की ही वहीची वेबसाईट आहे की तुमच्या अंगठ्याची. तिला मी शांतपणे समजावलं. आमच्या घरात वही धरायची पद्धत ठरलेली आहे. डावा अंगठा पानाच्या पायथ्याशी, कोपऱ्यात. तेवढी चार बोटं जागा प्रत्येक पानावर मुद्दाम कोरी सोडलेली असते, अंगठ्याच्या घामाने अक्षर पुसू नये म्हणून. वडिलांनी मला आणि त्र्यंबकला ही गोष्ट हातावर पट्टी मारून शिकवली होती. उत्तरा म्हणाली, मग निदान नख तरी कापायचं.

पाडव्याला वही त्र्यंबककडे गेली आणि दोन महिन्यांत त्याचीही वेबसाईट निघाली. त्याच वहीची, त्याच चारशे बारा पानांची. मी ती रोज बघत असे. उत्सुकता म्हणून नव्हे, देखरेख म्हणून. पानांचा क्रम पार चुकलेला होता आणि प्रत्येक पानावर त्याचा अंगठा होता, काळ्या पडलेल्या नखाचा. हयगय ती हयगयच.

भाद्रपद लागला आणि एका सकाळी फोन आला. आवाज म्हातारा, पण खणखणीत. येवल्याकडच्या एका खेड्यातून धोंडाबाई बोलत होत्या. वय शहात्तर. वेबसाईटवरून नातीने नंबर काढून दिला होता.

"माझं नाव तुमच्या वहीत हाय का, तेवढं बघा," त्या म्हणाल्या. "मी तान्ही आसताना माझा बाप नाशकाला आला व्हता. माझं नाव वहीत घातलंय म्हनून आईला सांगितलं त्यानं. मी तीन वर्साची, अन बाप गेला. मला त्याचं तोंड बी आठवत नाय."

मग त्यांनी भाऊ भिका याच्याविषयी सांगितलं. भिका ऐंशीचा. गेली सत्तर वर्षं तो बहिणीला सांगत आला आहे की पोरींची नावं वहीत नसतात, आईने तुझं मन राखायला सांगितलं. सर्वपित्रीला दोघंही नाशिकला येणार होती. बापाच्या नावाने पाणी द्यायचं आणि एकदा हा वाद संपवायचा, असं बाईंनी ठरवलं होतं.

मी मोठ्या रुबाबात म्हणालो की त्यासाठी एवढं थांबायला नको, दहा मिनिटांत सांगतो. पान सापडलंही. शके अठराशे एकाहत्तर, नाथा, त्याचा बाप, त्याचा आजा, पुत्र चंदर, पुत्र भिका. अक्षर माझ्या आजोबांचं, टपोरं. पुढे काही नाही. मी फोन करून तसं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी येनारच हाय. माझ्या डोळ्यानं बघीन."

छत्तीस वर्षांत मी पुष्कळ दावे नामंजूर केले आहेत. कागदावर सही करायची, शिक्का मारायचा आणि डबा उघडायचा. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाई पैसे मागत नव्हती, वारसा मागत नव्हती. बापाने आपल्याला मोजलं होतं की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि मी दहा मिनिटांत नाही म्हणून मोकळा झालो होतो.

उत्तरेने सुचवलं की त्र्यंबक भावजींना फोन करा, खरी वही त्यांच्याकडे आहे. हा उपाय व्यवहार्य नव्हता. पण त्यातून मला दुसरा सुचला. माझा फोटो कदाचित पुसट असेल. त्र्यंबकचा स्पष्ट असू शकतो. त्याच्या वेबसाईटवरून फोटो उतरवून घेतले तर वहीही बघून होईल आणि त्याचं तोंडही बघावं लागणार नाही. क्रम चुकलेला असल्यामुळे कोणतं पान कुठे ते कळत नव्हतं, म्हणून सगळेच घ्यायचे ठरवले. एक एक फोटो उघडून, उतरवून, माझ्या वेबसाईटवर चढवायचा. तेविसाव्या फोटोला माझं मनगट धरलं आणि उत्तरेने त्याला शेकायला मिठाची पुरचुंडी दिली.

अशा वेळी शेजारी सल्ला देतात. वरच्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाताई मोबाईलवरून पैठण्या विकतात. त्यांनी मला बजावलं की दुसऱ्याचे फोटो उचलणं ही शुद्ध चोरी आहे. त्यांच्या मोरबांगडीचा फोटो कुणीतरी उचलल्यापासून त्या प्रत्येक पदरावर आडवं स्वतःचं नाव टाकतात. मी त्यांना सांगितलं की वही सामाईक आहे, त्यामुळे फोटोही सामाईक, फक्त अंगठा त्याचा आहे. त्यांनी विचारलं, मग विचारून का घेत नाही. पैठणीवाल्या बाईला भाऊबंदकी काय कळणार असं मनात म्हणून मी खाली रविराजांकडे गेलो.

रविराजांना यंत्रं, वेळापत्रकं आणि नोंदी यांची मनापासून आवड. माझं ऐकून त्यांनी विचारलं, कोणाच्या वेबसाईटवरून. मी त्र्यंबकचं नाव घेतलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लय सोपं आहे, माधवराव. हाताने कशाला? तुमचा सर्व्हर रोज ठरलेल्या वेळी त्यांच्या सर्व्हरवर जाईल आणि तुमच्याकडे नसलेला प्रत्येक फोटो आपोआप घेऊन येईल. तुम्ही फक्त बघत बसायचं."

आपोआप हा शब्द मला फार आवडला. नोकरीत असताना आपोआप काहीच होत नसे, अगदी पगारवाढसुद्धा. मी तीन गोष्टी निक्षून सांगितल्या. पहिली, हे त्र्यंबकच्या कानावर जाता कामा नये. त्यासाठी रविराजांना गोदावरीची शपथ घातली. दुसरी, ही नक्कल दुपारी दीड वाजता व्हावी, कारण तेव्हा अख्खी पंचवटी झोपते आणि त्र्यंबक तर घोरतो. तिसरी सर्वांत महत्त्वाची. उतरवलेल्या प्रत्येक फोटोच्या नावाआधी यंत्राने श्री घालावा आणि त्या दिवसाची मिती घालावी. श्री काढल्याशिवाय आणि मिती घातल्याशिवाय आमच्या घरात आजवर एक अक्षर कुणी उतरवलेलं नाही. यंत्र झालं म्हणून काय झालं.

रविराजांनी हे सगळं लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता माझ्याकडे एकदा विचित्र नजरेने पाहिलं. मला तो आदर वाटला.

पितृपक्षातल्या पंचमीला दुपारी दीडला यंत्र सुरू झालं. मी खुर्ची ओढून समोर बसलो होतो. एकेक फोटो येत होता आणि प्रत्येकाच्या कपाळावर श्री. सव्वादोनपर्यंत त्र्यंबकची चारशे बारा पानं माझ्या सर्व्हरवर हजर. मी टाळ्या वाजवल्या. उत्तरेला उठवलं. तिने बघितलं आणि पुन्हा कूस वळवली. माझं एकूण बळ आता आठशे चोवीस झालं होतं. नाथाचं पानही सापडलं. फोटो खरोखरच स्पष्ट होता. आजोबांचा टपोरा चंदर, टपोरा भिका, खाली कोपऱ्यात त्र्यंबकचं काळं नख. धोंडाबाईंचं नाव याही पानावर नव्हतं.

मन खट्टू झालं, पण यंत्र मी बंद केलं नाही. एक तर ते बंद कसं करायचं हे रविराजांनाच ठाऊक होतं. दुसरं म्हणजे, काहीही न करता रोज काहीतरी होतं आहे ही भावनाच मोठी सुखाची. षष्ठी, सप्तमी मजेत गेल्या. मग वडिलांचं श्राद्ध आलं, पाहुणे आले, अळूची भाजी आणि खीर झाली, आणि वेबसाईट बघायला मला सवड मिळाली नाही. रविराज मालेगावकडे सासरवाडीला पितरांच्या जेवणाला गेले ते तिकडेच अडकले. त्यांचा फोन लागला की फक्त वारा ऐकू येत असे.

द्वादशीला संध्याकाळी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र मोबाईलवर आलं. आपण आमच्या अमर्याद योजनेची मर्यादा ओलांडली आहे, असं त्यात लिहिलं होतं. मी ते वाक्य चार वेळा वाचलं. विमा कंपनीतही अशी वाक्यं असतात, पण आम्ही ती बारीक टाईपात छापत असू. वेबसाईट उघडली तर फोटो एक लाख पाच हजार चारशे बहात्तर.

मी कंपनीला फोन लावला. चौदा मिनिटं बासरी वाजली आणि मग तेजस्विनी नावाच्या मुलीने माझी अडचण ऐकून घेतली. अत्यंत गोड मुलगी. ती म्हणाली की काम लगेच थांबवता येईल, फक्त खातं माझंच आहे याचा पुरावा म्हणून ओळखपत्राचा फोटो मी माझ्या जागेत चढवावा. मी चढवायला गेलो तर हाताने चढवणाऱ्याला जागा शिल्लक नव्हती; आपोआप येणाऱ्या फोटोंना मात्र होती. तसं सांगितल्यावर ती म्हणाली की मग आधी जागा करावी. जागा करण्यासाठी फोटो पुसायला लागतात; पुसायची परवानगी ओळखपत्राशिवाय मिळत नाही. सरकारी कचेरीत निदान खिडकीवर डोकं टेकायची सोय असते. फोन ठेवताना तिने मला धीर दिला की काळजी करू नका, काल नाशिकच्याच एका काकांचा अगदी हाच फोन आला होता आणि तेही असेच रागावले होते.

त्रयोदशीला फोटो दोन लाख दहा हजार नऊशे चव्वेचाळीस झाले. मी सहज एका फोटोचं नाव वाचायला घेतलं. श्री त्रयोदशी श्री द्वादशी श्री एकादशी श्री दशमी, असं करत करत ते मागे पंचमीपर्यंत पोचलं होतं. माझं यंत्र जपाला बसलं होतं. वडील असते तर त्यांना यंत्राचा अभिमान वाटला असता आणि माझी लाज. चतुर्दशीला दुपारी आकडा चार लाख एकवीस हजार आठशे अठ्ठ्याऐंशी झाला आणि कंपनीने माझी वेबसाईट बंद केली. मी त्र्यंबकची उघडून पाहिली. तीही बंद होती.

त्याच संध्याकाळी रविराज परतले. पिशवीही खाली ठेवू न देता मी त्यांना घरात ओढलं. त्यांनी नावं बघितली, आकडा बघितला आणि पिशवी खाली ठेवली.

"एकाच लाईनमध्ये दोन्हीकडून वीज सोडायची नाही, हे मी बत्तीस वर्षं लोकांना शिकवलं," ते म्हणाले. "आणि घरी येऊन स्वतः तेच केलं."

मग तटस्थतेचं सगळं गाठोडं सुटलं. माझ्याआधी चार दिवस त्र्यंबकने त्यांना बोलावून घेतलं होतं. त्यालाही माझ्या वेबसाईटवरची पानं गुपचूप हवी होती. त्यानेही गोदावरीची शपथ घातली होती. त्यालाही वेळ दुपारी दीडचीच हवी होती, कारण तेव्हा अख्खं इंदिरानगर झोपतं आणि वेण्या, म्हणजे मी, तर घोरतो; लहानपणापासून तो मला वेण्याच म्हणतो. आणि त्यानेही सांगितलं होतं की श्री आणि मिती घातल्याशिवाय आमच्या घरात अक्षर उतरवत नाहीत. त्याचं काम रविराजांनी माझ्याबरोबरच, पंचमीला सुरू करून दिलं. म्हणजे मी रोज दुपारी त्याचं सगळं उचलत होतो आणि तो माझं सगळं. प्रत्येक फोटोला नवा श्री, नवी मिती लागल्यामुळे दोघांच्याही यंत्रांना सगळंच नवं वाटत होतं. काल मी त्याच्याकडून आणलेलं आज तो माझ्याकडून नेत होता. दोन्ही घरं झोपलेली, आणि मधे दुप्पट, चौपट, आठपट.

मी रविराजांना विचारलं की निदान एका शब्दाने सुचवायचं तरी. ते म्हणाले, "शपथ दोघांची होती, माधवराव. अक्षर न अक्षर सारखं सांगितलं तुम्ही दोघांनी. मला वाटलं, ठरवून बोलताय."

उत्तरा इतका वेळ दारात उभी होती. मी आता धोंडाबाईंना फोन करून उद्या येऊ नका असं कळवायचा विचार बोलून दाखवला. वेबसाईट बंद आहे, फोटो नाही, आणि वही ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात मी अकरा वर्षांत पाऊल ठेवलेलं नाही.

"एका डागासाठी अकरा वर्षं घालवलीत," उत्तरा म्हणाली. "आता त्या बाईची सत्तर वर्षंही घालवा."

ती आत गेली आणि पोळ्या लाटायला लागली. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

सर्वपित्रीला सकाळी दहा वाजता धोंडाबाई आणि भिका आमच्या दाराशी आले. धोंडाबाई ठेंगण्या, नऊवारीतल्या, हातात कापडी पिशवी. भिका उंच, पांढरी टोपी, आणि जिंकण्याच्या तयारीने आलेला. जिन्यातच त्याने मला सांगितलं की हिला समजवा, तुम्ही फोनवर सांगितलं तरी ऐकत नाय. आम्ही रिक्षा केली. रामकुंडावर त्यांचा विधी झाला. गर्दी एवढी होती की बापाच्या नावाचं पाणी सोडताना बाईंना दोन पायऱ्या खाली उतरायला अर्धा तास लागला. त्यानंतर मी दोघांना घेऊन त्र्यंबकच्या दाराशी गेलो. बेल मी वाजवली असं मी म्हणतो. बोट माझंच होतं, पण ढकललं ते बाईंच्या घाईने.

त्र्यंबक पहाटेपासून घाटावर उभा राहून नुकताच घरी आला होता. धोतर ओलं, डोळे लाल. त्याने माझ्याकडे पाहिलं, धोंडाबाईंकडे पाहिलं आणि अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"दीडच्या आत आलास ते बरं केलंस. नंतर मी झोपतो."

आम्ही आत गेलो. स्वरदा वहिनींनी पाणी दिलं, चहाचं विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाल्या की चहा वही आत ठेवल्यावर. मी खाली मान घातली. त्र्यंबकनेही घातली. मग कळलं की धोंडाबाईंनी श्रावणात त्यालाही फोन केला होता. त्याने तर खरी वही उघडून पान बघितलं होतं आणि नाही म्हणून सांगितलं होतं. पण त्यालाही चुटपुट लागली, आजोबांचं एखादं फिकं अक्षर आपल्या उतारवयाच्या डोळ्यांना दिसलं नसेल, माझ्या फोटोत असेल, म्हणून तोही माझ्या वेबसाईटकडे वळला होता. एका बाईला दोन चुलतभावांनी, एकमेकांना न विचारता, दोनदा नाही म्हटलं होतं.

भिका म्हणाला, "मंग आता कशाला बघायचं? दोन भटजींनी बघितलं."

"मला दाखवा," धोंडाबाई म्हणाल्या.

त्र्यंबकने पाट मांडला, सोवळ्याचं कापड सोडलं आणि वही उघडली. पुठ्ठ्यावरचा गोल डाग बघून आम्ही दोघांनीही नजर दुसरीकडे फिरवली. शके अठराशे एकाहत्तरचं पान निघालं. त्र्यंबकने डावा अंगठा कोपऱ्यात ठेवून पान सपाट धरलं आणि मोठ्याने वाचलं. नाथा, त्याचा बाप, त्याचा आजा, पुत्र चंदर, पुत्र भिका. भिकाने टोपी सारखी केली. मी म्हटलं मी बघतो, आणि वही माझ्याकडे ओढली. माझाही डावा अंगठा बरोबर त्याच जागी जाऊन बसला. मीही वाचलं. पुत्र चंदर, पुत्र भिका.

धोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या. त्यांना वाचता येत नसावं असं मला वाटलं होतं. त्या पानाकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

"भटजी," त्या म्हणाल्या, "तेवढा अंगठा उचला बरं."

मी अंगठा उचलला.

कोऱ्या सोडायच्या त्या चार बोटं जागेत एक ओळ होती. आजोबांच्या टपोऱ्या अक्षरात नव्हे. वाकडी, वर चढत गेलेली, शाईचे दोन थेंब सांडलेली. ज्याला जेमतेम लिहिता येतं त्याने बोरू हातात मागून घेऊन लिहिलेली. मी वाचायला लागलो, पण मला वाचवेना. मग त्र्यंबकने वाचली.

"मुलगी धोंडी. हिचं बी नाव आसू द्या. नाथा."

घाटावरचा गोंगाट खिडकीतून येत होता. धोंडाबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. पुसली जाईल म्हणून बोट वरचेवर धरून त्या ओळीवरून नेलं, शेवटपर्यंत, आणि परत आणलं. आजोबांनी तेव्हा काय म्हटलं असेल ते मला स्पष्ट ऐकू आलं. पोरींची नावं घालत नाही आम्ही. आणि मग त्या माणसाने आमच्याच वहीत, आमच्याच कोऱ्या जागेत, लेकीला बसवून टाकलं होतं. आम्ही तीन पिढ्या तिच्यावर अंगठा ठेवून वही दाखवत आलो. चार लाख एकवीस हजार आठशे अठ्ठ्याऐंशी फोटो, निम्म्यांवर माझा अंगठा, निम्म्यांवर त्र्यंबकचा, आणि त्यांतला प्रत्येक चारशे बारांतला एक ह्या ओळीच्या उरावर. मला स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्याच वेळी हसूही आवरेना. त्र्यंबकचंही तेच झालं. तो आधी फुसफुसला, मग मी. लहानपणी संध्येला बसल्यावर असंच व्हायचं आणि वडील पट्टी शोधायचे.

भिका मात्र हसला नाही. तो पान पुन्हा पुन्हा बघत होता. स्वतःचं टपोरं नाव, आणि खालची वाकडी ओळ.

"आमची नावं उपाध्यानं लिवली," तो अखेर म्हणाला. "हिचं बापानं सोताच्या हातानं लिवलं."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. धोंडाबाईंनी पिशवीतून लाडवाचा डबा काढला आणि पहिला लाडू भावाच्या हातात दिला. त्याने तो घेतला.

आम्ही पानाचा नवा फोटो काढायचं ठरवलं. स्वरदा वहिनी मोबाईल घेऊन पाटासमोर बसल्या. डावी कड मी दोन बोटांनी धरली, उजवी त्र्यंबकने, आणि अंगठे पानाच्या बाहेर, अवघडल्यासारखे वर. फोटो कोणाच्या वेबसाईटवर ठेवायचा यावर मी म्हटलं तुझ्या, तो म्हणाला तुझ्या. शेवटी दोन्हीकडे ठेवायचं ठरलं, पण हाताने, एकेकदाच, आणि दोघांनी जागं असताना. रविराजांना फोन करून दोन्ही शपथा परत घेतल्या.

वहिनींनी विचारलं, फोटोला नाव काय देऊ. आम्ही दोघं एकदमच म्हणालो, श्री. मग एकदमच म्हणालो, भाद्रपद वद्य अमावास्या. वहिनींनी टाईप केलं आणि थांबल्या. पुढे काय, असं त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं. आम्ही धोंडाबाईंकडे बघितलं.

"धोंडी नाथा," त्या म्हणाल्या. "बापानं घातलंय तसंच घाला."